गंजीबाईचं वर्तुळ

“खुर्ची ओढ आणि बस, दादा. उभ्यानं बोललास म्हणून ते वर्तुळ पुसलं जाणार नाही.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“मग उभा राहा. पण उजेडातून बाजूला हो, मला दिसेना झालंय.”

भाऊ आणि बहीण नऊ वर्षांनी समोरासमोर आले ते असे. त्यानं तिची खुशाली विचारली नाही, तिनं त्याला पाणी विचारलं नाही. तो खिडकीसमोरून दोन पावलं सरकला, तेवढाच काय तो मान राखला. त्याच्या बुटांना कालव्याचा चिखल होता आणि तो चिखल तिसऱ्या मजल्यावरच्या पुसलेल्या फरशीवर दारापासून तिच्या टेबलापर्यंत सांडत आला होता. शिपायानं चिखल पाहिला, मग बाईंचं तोंड पाहिलं, आणि मुकाट्यानं फडकं आणायला गेला.

या बाईंना पुरातत्त्व खात्यात गंजीबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की दुसरं नाव कुणाच्या जिभेवर येत नाही. वय बावन्न. ठेंगणी, रुंद हाडाची. चष्मा नाकापेक्षा कपाळावरच जास्त वेळ. अठ्ठावीस वर्षं दोन भिंगांच्या यंत्रावर वाकून मानेला जो बाक आला तो आलाच. रस्त्यानं चालतानाही काहीतरी पडलंय ते शोधत निघाल्यासारखी वाटते. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले होते, बरं झालं, एकाच्या घरात भिंगं आणि दुसरीच्या हातात. तिला ती थट्टा तेव्हाही आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही.

तिचं काम काय, हे तिच्या सासरी अजून कुणाला नीट सांगता येत नाही. विमानातून काढलेले शेतांचे फोटो बघायचे, एवढंच ते सांगतात. खरं काम असं. फार जुन्या काळी, लोखंडाची ओळखही नव्हती तेव्हा, या भागातले लोक मोठा माणूस मेला की त्याला पुरून भोवती गोल चर खणायचे आणि चरातली माती मधोमध रचायचे. घराएवढं टेकाड व्हायचं. पुढं नांगर आले. नांगरांनी ती टेकाडं घासून घासून सपाट केली, इतकी की आज त्यावरून चाललं तरी पायाला चढ लागत नाही. पण चर राहिला. तो जमिनीच्या पोटात भरून गेला, काळ्या, मऊ, ओल धरणाऱ्या मातीनं. पाऊस कमी झालेल्या वर्षी गहू पिवळा पडायला लागला की चरावरच्या गव्हाची मुळं खाली ओलीपर्यंत जातात आणि तेवढाच पट्टा हिरवा राहतो. बांधावर उभं राहणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, त्याला नुसतं मळकं हिरवं-पिवळं दिसतं. वरून मात्र पिवळ्या शेतात हिरवं कडं दिसतं, कुणीतरी बांगडी काढून ठेवावी तसं. हे दिसतं जेमतेम दहा-बारा दिवस. मग तेही पिकतं, आणि सगळं शेत एकसारखं होतं.

त्या दहा-बारा दिवसांत खात्याचं छोटं विमान उडतं आणि पुढचं वर्षभर गंजीबाई ते फोटो बघते. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, वर चार पायांचं भिंगांचं यंत्र ठेवायचं, डोळे लावायचे. थोड्या वेळानं दोन फोटोंचा एक होतो आणि झाडं, घरं, बांध कागदातून वर उठतात. मग मेणाच्या पेन्सिलीनं खुणा. शेवटी तपासणीच्या कागदावर तीन रकाने: पहिला ‘खात्री’, दुसरा ‘शक्यता’, तिसरा ‘काही नाही’. पहिल्यात फुली पडली की त्या जागी कुणाला खोदता येत नाही. तिसऱ्यात पडली की जमीनमालक मोकळा. दुसऱ्यात पडली तर खात्याचा एक माणूस खुर्ची टाकून बसतो, त्याच्या डोळ्यांदेखत काम चालतं आणि बहुधा निभावतं.

भाऊ आला होता तो त्या फुलीसाठी. त्याला शेताच्या मधोमध बटाट्याचं शीतगृह बांधायचं होतं. पाया अडीच मीटर खोल. सोमवारी खोदायचं यंत्र येणार होतं, आणि आज होता गुरुवार. अर्ज खालच्या मजल्यावरून वर आला होता, वरून साहेबांकडे आणि साहेबांकडून नेमका तिच्याच टेबलावर.

तसा नियम होता की नात्यातल्या माणसाची जमीन असेल तर तपासणी दुसऱ्यानं करावी. तिनं साहेबांना जाऊन सांगितलं होतं. कागदावर मालकाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो, पण कालव्याचं ते कोपरासारखं वळण आणि त्याच्या आतलं ते लांबुळकं शेत ती झोपेतही ओळखेल. साहेब तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांनी डोकंही वर केलं नाही. दुसरा माणूस रजेवर आहे म्हणाले. मग डोकं वर केलं आणि म्हणाले, “भावाच्या शेतात तुमची नजर कशी चालते, ते खात्याला माहीतच आहे. या वेळी बघू सुधारलीय का. पुन्हा गंजी निघाली तर मात्र तुम्ही आणि तुमची भिंगं तळघरात. जुन्या पेट्यांना नंबर घालायला माणूस हवाच आहे.”

खात्यात नव्यानं आलेल्या माणसाला फोटोंची कपाटं दाखवायच्या आधी ही गंजीची गोष्ट सांगतात.

नऊ वर्षांपूर्वी याच शेताचा फोटो तिच्यासमोर आला होता. फाटकाजवळच्या कोपऱ्यात एक हिरवं कडं होतं. अकरा मीटरचं, लहानसं, पण कसं अगदी कंपासनं काढल्यासारखं. भावाला तिथं कोंबड्यांची शेड घालायची होती. बाईंनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खात्रीच्या रकान्यात फुली मारली. गोल चर दुसऱ्याही एका गोष्टीचा असतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. काडाची गंजी रचतात तेव्हा पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून भोवती गोल चर खणतात. गंजी जाते, चर बुजतो, त्यात कुजलेलं काड राहतं आणि पुढं काही वर्षं तिथलं पीक तसंच हिरवं कडं दाखवतं. या धंद्यातल्या माणसाला पहिल्या महिन्यात हे शिकवतात, आणि ती तर गंज्यांवरून घसरगुंडी खेळत वाढलेली. पण तिच्या लहानपणी त्यांच्या घरची गंजी गोठ्यामागं असायची. फाटकाशी आपली गंजी कधी नव्हतीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याच घरचं शेत, त्यात विचारायचं कुणाला, असं तिनं मनात धरलं.

ती पंधराव्या वर्षी शिकायला वसतिगृहात गेली होती. त्यानंतर बापाचा पाय अधू झाला, गाडी आतपर्यंत न्यायला माणूस उरला नाही, आणि भावानं पुढची कितीतरी वर्षं फाटकाशीच गंजी घातली. हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण तिनं कुणाला विचारलं नाही.

मग खात्याची माणसं आली. हातात खुरपी, डोक्यावर टोप्या. पिकायला आलेल्या गव्हातून त्यांनी सरळ चर खणला. भाऊ बांधावर उभा राहून बघत होता, अर्धं गाव त्याच्यामागं. सापडलं ते असं: हातभर काळं कुजलेलं काड, काड उचलायच्या काट्याचा एक तुटका दात, आणि एका बुटाचा तळवा. तळवा धुऊन कागदात गुंडाळून ठेवणार तोच भाऊ म्हणाला, तो माझा आहे. गंजी रचताना हरवलेला. त्याला तो ओळखू आला, कारण टाचेला त्यानं स्वतः ठोकलेले तीन खिळे होते.

शेडची परवानगी आली तेव्हा हंगाम उलटला होता आणि पिल्लं दुसऱ्याकडे गेली होती. पण खरी जळजळ त्याची नव्हती. गावात सलूनमध्ये तो दाढीला बसला की न्हावी विचारायचा, काय थडगेकर, दुसरा बूट सापडला का. ‘थडगेकर’ हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच, पोरांच्या शाळेतही गेलं. त्यानं बहिणीचं नाव टाकलं. आईचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा बहिणीला कळलं ते हाड सांधल्यावर, आणि तेही गावातल्या औषधवाल्याकडून. ती भेटायला गेली तर भावानं फाटकाला आतून कडी घातलेली. आई खिडकीतून हात हलवत होती. ती कडी वाजवत उभी राहिली, मग आलेल्या वाटेनं परत गेली.

इकडे खात्यात तिची गंजीबाई झाली. तिनं त्यावर एकच केलं. त्या दिवसापासून तिच्या तपासणीच्या कागदामागं आणखी एक कागद टाचलेला असतो. त्यावर शेतमालकाला विचारलेले प्रश्न आणि त्यानं दिलेली उत्तरं. गंजी कुठं घालायचात, गुरं कुठं बांधायचात, विहीर बुजवली का, मळणीला घोडा गोल फिरवायचात का. साहेब त्याला चांभारचौकशी म्हणतात. शेतकरी फोनवर वैतागतात. ती विचारत राहते.

या वेळी मात्र तिनं फोन केला नव्हता. केला असता तर त्यानं उचलला नसता.

या वेळचं वर्तुळ शेताच्या मधोमध होतं. सत्तावीस मीटरचं. पूर्वेला थोडं तुटलेलं, दरवाजा ठेवावा तसं, आणि केंद्रात एक गडद ठिपका. गंजीएवढी जागा नव्हे, तीन गंज्या मावतील एवढी. शेताच्या मध्यात काड ओढून नेऊन गंजी घालणारा माणूस तिनं तरी पाहिला नव्हता. सगळं थडग्याच्या बाजूनं बोलत होतं. तरी तीन दिवस पेन्सिल कागदावर टेकेना. फोटो एकच वर्षाचा होता. नऊ वर्षांपूर्वी विमान त्या भागात गेलं तेव्हा गहू नुसता फाटकाकडच्या पट्ट्यात होता, मधल्या शेतात बटाटा होता आणि बटाटा असलं काही दाखवत नाही. एकाच फोटोवर खात्री लिहायची, तीही त्याच माणसाच्या त्याच शेतात. शेजारच्या टेबलावरचा, नकाशे गिरवणारा ट्रेसर, म्हातारा, निवृत्तीला चार महिने राहिलेला, तिला म्हणाला होता की मधला रकाना असल्याच दिवसांसाठी केलेला असतो. तिनं तेव्हा ते उडवून लावलं होतं. पण काल संध्याकाळी घरी जाताना तिनं मनाशी ठरवलं होतं की ट्रेसर म्हणतो ते खरं. सकाळी येऊन मधल्या रकान्यात फुली मारायची आणि हात झटकायचे.

आणि सकाळी येते तो भाऊ दारात उभा.

त्यानं आधी साहेबांना गाठलं होतं. साहेबांनी हसून, गंजीबाईंना विचारा म्हणत, त्याला वर पाठवला होता. आता तो टेबलाच्या कडेवर दोन्ही मुठी टेकून तिच्यावर वाकून बोलत होता, आणि खोलीतल्या बाकीच्या तीन टेबलांवर पेन्सिली थांबल्या होत्या. जुन्या फिल्मच्या डब्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो वास खोलीत नेहमीचाच. त्यात आता ओल्या चिखलाचा वास मिसळला होता.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पाया सोमवारी पडला नाही तर यंत्र दुसऱ्या गावी जाणार आणि दोन महिने परत येणार नाही. दोन महिन्यांनी बटाटा निघणार. तो ठेवायचा कुठं, बहिणीच्या टेबलावर? एकदा त्याच्या आयुष्याचं हसं करून तिचं पोट भरलं नसेल तर तसं सांगावं.

“मला तुझ्याकडून उपकार नको,” तो म्हणाला. “हिशोब सरळ आहे. तू एकदा गंजीला थडगं म्हणालीस. आता थडग्याला गंजी म्हण. फिटंफाट.”

ट्रेसरनं चष्मा काढून पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

बाईंनी भावाकडे पाहिलं नाही. खणातून एक कोरा कागद काढला, त्यावर तारीख घातली आणि नेहमीच्या सुरात, कुठल्याही परक्या शेतकऱ्याला विचारतात तसं, विचारलं, “तिथं गंजी घातली होती का?”

“घातली होती.”

“कुणी?”

“आपल्या बापानं. कोण विचारायला जाणार? तो नाही आता.”

“कधी?”

“तू शिकत होतीस तेव्हा. तेव्हाचं तुला काय माहीत असतं.”

हा टोला वर्मी बसला. तिचं नाक लाल झालं. लहानपणापासून राग आला की आधी नाकच लाल होतं. पण हात थांबला नाही. त्यानं सांगितलं ते तिनं जसंच्या तसं लिहिलं. बापाच्या पायाची गोष्ट भाऊ विसरला होता की तीही विसरली असेल असं धरून चालला होता, कोण जाणे. ज्या बापाला गाडी आत नेणं झेपेना म्हणून गंजी फाटकाशी आली, तो तीच गाडी शेताच्या पोटात कशाला नेईल? तिनं ते बोलून दाखवलं नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला, आणि त्यात काही डाव नव्हता. हा प्रश्न तिच्या कागदावर सगळ्यांनाच असतो.

“शीतगृह तिथंच का? रस्त्यापासून एवढं आत. ट्रक आत न्यायला वेगळी वाट करावी लागेल.”

आणि इथं भावाचा तोल गेला. नऊ वर्षं साठवलेलं होतं, त्याला वाट मिळाली. “कारण ती जागा हरामखोर आहे,” तो म्हणाला. सगळा गहू पिकून पिवळा होतो आणि तो मधला तुकडा हिरवाच्या हिरवा. कापणीच्या यंत्राचा माणूस दर कोरड्या वर्षी शिव्या घालतो, तेवढ्यासाठी दहा दिवसांनी पुन्हा बोलवावं लागतं. नाहीतर ओला दाणा सुक्यात मिसळतो आणि सगळ्या राशीला बुरशी. बाप असताना तो तेवढा तुकडा सोडून कापायचा, मागाहून विळ्यानं. आजोबा तर तिथं पेरायचेच नाहीत, सगळं करपलं तरी तिथं हिरवं मिळतं म्हणून वासरं बांधायचे. तीन पिढ्या त्या तुकड्यानं छळलंय. म्हणून त्यावर एकदाचं काँक्रीट ओतून टाकायचं, म्हणजे कटकट मिटली.

तो दम घ्यायला थांबला.

“आजोबा वासरं बांधायचे?” तिनं विचारलं.

“सांगतोय ना.”

“म्हणजे बाबांनी गंजी घातली त्याच्याही आधीपासून हिरवं आहे.”

भावानं टेबलावरच्या मुठी काढून घेतल्या.

तिनं यंत्र उचलून बाजूला ठेवलं आणि नवा फोटो त्याच्या बाजूला फिरवला. पेन्सिलीचं टोक फाटकाजवळच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथं काहीच नव्हतं. सगळा एकसारखा पिवळा. “ही आपली गंजी,” ती म्हणाली. “नऊ वर्षांपूर्वी इथं कडं होतं. कुजलेल्या काडाचा जोर पाच-सहा वर्षं, फार तर सात. मग पीक सगळीकडे सारखं होतं. गंजीचा चर तीन पिढ्या हिरवा राहत नाही, दादा. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे ते.”

मग तिनं कोऱ्या कागदावर लिहिलं: मालकाच्या सांगण्यावरून, वर्तुळाच्या जागी पीक आजोबांच्या वेळेपासून उशिरा पिकतं. आणि तपासणीचा कागद पुढं ओढून पहिल्या रकान्यात फुली मारली. लहान, सरळ फुली. पेन्सिल तीन दिवस अडली होती ती अशी चालली.

भावाला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा काळा पडला. तो म्हणाला की तिनं त्याला बोलतं केलं. गोड बोलून नाही, तर कुत्र्यासारखं डिवचून. त्यानं काही सांगितलंच नाही, ते खोडून टाकावं.

“खोडणार नाही,” ती म्हणाली. “नऊ वर्षांपूर्वी मी तुला विचारलं नाही, म्हणून चुकले. आज विचारलं.”

“आणि मी आलोच नसतो तर?”

हे तिला झाकता आलं असतं. पण तिच्यात ती सोय नव्हती, लहानपणीही नव्हती; आईनं तिला चोरलेला गूळ कुठं लपवलाय असं विचारलं की ती जागा सांगून मोकळी व्हायची. “तू आला नसतास तर मी मधल्या रकान्यात टाकणार होते,” ती म्हणाली. “सोमवारी तुझं यंत्र चाललं असतं. खात्याचा माणूस बाजूला बसला असता, बस.”

शिपाई फडकं घेऊन दारात आला होता, तो तिथंच थांबला.

भाऊ हसला. हसण्यासारखा आवाज झाला, एवढंच. तो म्हणाला, पहिल्या बसनं आलोय, उभ्यानं आलोय, अडीच तास. स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या शेताला कुलूप घालायला. घरी जाऊन बायकोला हे सांगायचं कसं, तेवढं बहिणीनं आता शिकवावं. आणि आईला सांगायचं की नाही. आई दर आठवड्याला विचारते, बोललात का दोघं. आज सांगता येईल, बोललो. पोटभर बोललो.

आईचं नाव निघालं तशी तिची मान आणखी खाली गेली. तिनं ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा कापला, फोटोवर ठेवला आणि भरभर शेताच्या कडा, कालवा, रस्ता, फाटक काढलं. मध्ये वर्तुळ काढलं. त्याच्याभोवती सोडायची जागा तुटक रेघेनं काढली. मग फाटकाजवळच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला आणि त्यात रेघा भरल्या.

“हे काय?”

“तुझ्या शेतात खात्यानं खोदून, काही नाही म्हणून सही केलेली ही एकच जागा आहे. इथं पुन्हा तपासणी लागत नाही. अर्जात जागा बदल, खालच्या खिडकीवरचा माणूस आजच्या आज शिक्का देईल. रस्ता इथंच आहे, ट्रकला वाट करावी लागणार नाही. यंत्र सोमवारी इथं लावता येईल.”

भाऊ त्या चौकोनाकडे बघत राहिला. ती जागा कुठली, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच जागेवर अर्धं गाव त्याच्यामागं उभं राहून हसलं होतं.

“तिथं,” तो म्हणाला. “बुटाच्या थडग्यावर.”

“हो.”

“सलूनमध्ये काय म्हणतील, माहीत आहे ना.”

“माहीत आहे. मलाही इथं रोज म्हणतात. काय म्हणतात, ते यांना विचार.” तिनं हनुवटीनं खोली दाखवली. ट्रेसरनं लगेच चष्मा घातला. दुसऱ्या टेबलावरचा माणूस रबर शोधायला खाली वाकला.

तेवढ्यात साहेब आले. दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला त्यांनी बाजूला केलं. “मिटलं का भावाबहिणीचं?” असं म्हणत त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. पहिल्या रकान्यातली फुली वाचली. मागचा कागद वाचला, सावकाश. मग म्हणाले की बाईंनी विचार केलाच असेल. खात्री लिहिलंय म्हणजे खात्याला खणून बघावं लागेल, पीक नसताना, पुढच्या महिन्यात. त्यात कुजलेलं काड निघालं तर बाईंनी तळघरात जाऊन पेट्यांना नंबर घालायचे, किल्ली आपल्या खणात आहे.

“आणि बूट निघाला तर?” ट्रेसर हळूच म्हणाला.

“बूट निघणार नाही,” भाऊ म्हणाला. खोलीतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. तो साहेबांकडे बघत होता, बहिणीकडे नाही. “माझा दुसरा बूट हरवलेला नाही. आणि आमच्या बापानं तिथं गंजी कधी घातली नव्हती. मघाशी खोटं बोललो, ते लिहून घ्या. उगाच कुणाला तळघरात धाडायला नको, तिथं पेट्यांना नंबर घालायला तुम्ही आहातच.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. ते बाईंना म्हणाले की हा माणूस पाच मिनिटांत खोलीबाहेर असला पाहिजे, आणि निघून गेले.

बाईंनी मागच्या कागदावरची गंजीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी ओळ लिहिली: हे विधान मालकानं मागे घेतलं. आणि त्याच्यापुढं सही करायला पेन भावाच्या पुढं केलं. त्यानं सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर वळ उठला. मग ट्रेसिंगचा तुकडा उचलला. तो चुरगळणार असं सगळ्यांना वाटलं. त्यानं घडी घातली, चौपदरी, आणि वरच्या खिशात ठेवली. धन्यवाद वगैरे काही नाही. फाटकाची कडी काढून ठेवतो असंही म्हणाला नाही.

दारापाशी जाऊन तो वळला.

“फाटकाशी बांधेन नाहीतर कालव्यात बुडवेन, माझं मी बघेन. पण तू बघायला यायचं नाहीस, गंजीबाई.”

तिच्या तोंडावर हे नाव पहिल्यांदाच आलं होतं. कोपऱ्यात कुणाला तरी खोकला आला.

“नाही येणार,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी वरून दिसेलच.”

तो जिना उतरून गेला. चिखलाचे बूट प्रत्येक पायरीवर वाजत होते, ते तळमजल्यापर्यंत ऐकू आले. तळमजल्यावर अर्ज घेणाऱ्या खिडकीशी ते थांबले की सरळ बाहेर गेले, ते वरून कळलं नाही. शिपायानं फरशी पुसायला घेतली. ट्रेसरनं चहा मागवू का विचारलं. ती नको म्हणाली.

तिनं भावाच्या शेताचे दोन्ही फोटो पाकिटात घातले, पाकिटावर आकडा लिहिला आणि ते उजव्या हाताच्या ढिगावर ठेवलं. डाव्या ढिगातून पुढचं पाकीट घेतलं. हे कुणाचं शेत, तिला ठाऊक नव्हतं. दोन फोटो शेजारी ठेवले, यंत्राचे चार पाय वर टेकवले, चष्मा कपाळावर सारला आणि डोळे लावले. आधी दोन बांध दिसत होते. मग त्यांचा एक झाला, आणि एक पडका कुंपणाचा खांब कागदातून वर उठून उभा राहिला.